नाव कोरायचं, पण कुठे?

पत्राचा गोषवारा: पत्रलेखक कोल्हापूरचे, वय ४३, नोकरी बँकेत. वडील तरुणपणी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. ती गिटार अजून घरात आहे, वडील अधूनमधून ती हातात घेतात. चार महिन्यांनी त्यांना पंचाहत्तर पूर्ण होतात. तोवर त्या गिटारच्या फिंगरबोर्डवर (तारांखालच्या, बोटं दाबायच्या लाकडी पट्टीवर) शिंपल्याच्या अक्षरांत त्यांचं नाव आणि भोवती वेल, असं जडावकाम स्वतःच्या हातानं करायचं पत्रलेखकाच्या मनात आहे. सुतारकामाचा अनुभव नाही. १२,००० रुपये बाजूला काढलेत. २४ पटाश्यांचा एक संच आणि एक छोटं रोटरी मशीन (फिरत्या बिटनं कोरणारं) ऑनलाइन पाहून ठेवलंय. धाकटा भाऊ म्हणतो, तू कशाला हात घालतोस, सीएनसी मशीनवर (संगणकावर चालणाऱ्या कोरीव यंत्रावर) करून आणू. प्रश्न असा: यातली नेमकी कोणती हत्यारं घेऊ, आणि भावाचं ऐकू का? सोबत गिटारचे तीन फोटो.

नमस्कार,

तुमचं पत्र एकदा वाचलं, फोटो मात्र पुन्हापुन्हा पाहिले. तिसरा फोटो नेकच्या, म्हणजे गिटारच्या मानेच्या, अगदी जवळून काढलाय. पहिल्या तीन-चार फ्रेटांच्या (धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या) मधल्या लाकडावर, तारांच्या खाली, उथळ खळगे दिसतात. तिथला रंगही बाजूच्या लाकडापेक्षा वेगळा आहे. हे खळगे तुमच्या वडिलांच्या बोटांनी पडलेत. सी, जी, डी मायनर धरून धरून, वर्षानुवर्षं, रात्री-अपरात्रीच्या कार्यक्रमांत.

हत्यारांकडे मी येतेच. त्याआधी एवढं लक्षात घ्या की फिंगरबोर्डवर इनले, म्हणजे जडवायचा तुकडा, बसवला की काम संपत नाही. शिंपल्याचा तुकडा लाकडाच्या किंचित वर राहील असाच बसवतात आणि गोंद वाळला की सगळं एकसाथ घासून सपाट करतात. त्यासाठी फ्रेट उपटावे लागतात. मग फिंगरबोर्डच्या गोलाईचा ठोकळा घेऊन ८० नंबरच्या पॉलिश पेपरपासून सुरुवात, पुढे १२०, २२०, ४०० असं वर चढत जायचं. ते खळगे पहिल्या दहा मिनिटांतच पुसले जातील. म्हणजे वडिलांचं नाव लिहिण्यासाठी वडिलांनीच तिथे उमटवलेली खूण घालवायची. हे तुम्हाला चालणार असेल तर पुढे जा. माझ्या हातून मात्र ते झालं नसतं.

नाव फिंगरबोर्डवरच हवं, ही कल्पना कुठून येते ते मला कळतं. अमेरिकेतल्या मार्टिन कंपनीनं १९३३ साली जीन ऑट्री या गायक-नटासाठी पहिली डी-४५ गिटार बनवली. तिच्या फिंगरबोर्डवर त्याचं नाव मोठ्या वळणदार अक्षरांत शिंपल्यानं जडवलेलं आहे. तेव्हापासून नाव घालायचं तर तिथेच, असं अनेकांच्या मनात बसलंय. पण ती गिटार कोरी होती. नाव आधी आलं, बोटं नंतर फिरली. तुमच्याकडे क्रम उलटा आहे.

दुसरी अडचण भूमितीची. शिंपल्याचे तुकडे सपाट येतात, फिंगरबोर्ड गोलसर असतो. समजा तुमच्या नेकची गोलाई १२ इंच त्रिज्येची आहे. २० मिलिमीटर रुंदीचा तुकडा त्यावर आडवा बसवला तर कडेला साधारण ०.१६ मिलिमीटर घासला जातो, त्याचं काही वाटत नाही. तोच तुकडा ४० मिलिमीटर रुंद घेतला तर कडेचे सुमारे ०.६६ मिलिमीटर जातात, आणि मूळ तुकडाच असतो १.३ ते १.५ मिलिमीटर जाडीचा. कडा जेमतेम निम्मी उरते. म्हणूनच अनुभवी माणसं फिंगरबोर्डवरची वेल लहान लहान पानांची करतात. पहिल्याच कामाला हा हिशोब अंगावर घेऊ नये.

आता पहिला फोटो पाहा. गिटारच्या डोक्यावर, तारांच्या खुंट्यांच्या मधोमध, घंटेच्या आकाराचं एक काळं प्लास्टिकचं झाकण दोन स्क्रूंनी बसवलंय. ते ट्रस रॉडचं, म्हणजे नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळईचं झाकण. ते काढा, त्याच मापाचं नवीन झाकण ३ मिलिमीटर जाडीच्या शिसवीच्या फळीतून कापा आणि वडिलांचं नाव त्यात जडवा. जुनं झाकण डबीत जपून ठेवा. गिटारला ओरखडासुद्धा पडणार नाही. बिघडलं तर शिसवीचा तुकडा बिघडेल, दुसरा घ्यायचा. आणि वडिलांना आवडलं नाही, हेही होऊ शकतं, तर दोन स्क्रू फिरवले की गिटार पूर्ववत. जागा लहान आहे हे खरं. पूर्ण नाव आणि वेल मावणार नाही. घरात ज्या नावानं हाक मारतात ते दोन-तीन अक्षरी नाव मावेल.

आता हत्यारं. २४ पटाश्यांचा संच घेऊ नका. मीही सुरुवातीला असाच बारा नगांचा एक संच मागवला होता. दिसायला देखणा, लाकडी पेटीत ठेवलेला. शिसवीवर दोन घाव घातले की धार मुडपायची. त्यातल्या नऊ पटाश्यांना तर माझ्या कामात जागाच नव्हती. पण खरी चूक संच निवडण्यात नव्हती. जडावकाम म्हणजे लाकूड कोरणं, हा माझा समज चुकीचा होता, आणि तुमच्या पत्रातही तोच दिसतो. तुमची खरेदीची यादी सगळी लाकडाच्या बाजूची आहे, शिंपला कशानं कापणार याचा त्यात उल्लेखच नाही. या कामातला सर्वांत मोठा वेळ करवतीवर जातो. शिंपला नीट कापला गेला तर लाकडातला खड्डा त्याच्याच आकारावरून आखता येतो. शिंपला वेडावाकडा कापला तर जगातली कुठलीही पटाशी तुम्हाला वाचवणार नाही.

म्हणून पहिलं हत्यार सोनाराची कमानी करवत. तुम्ही कोल्हापुरात राहता, गुजरी जवळ आहे. सराफांच्या वस्तीत सोनारी हत्यारं विकणारी दुकानं असतात, तिथे जाऊन हातात धरून बघा. कमान फार खोल नको, तीन इंचाच्या आसपास पुरे. खोल कमान हातात डोलते. पैसे वाचवायचे असतील तर कमानीवर वाचवा, पात्यांवर वाचवू नका. पात्यांचे नंबर शून्यांत असतात, शून्यं वाढतील तसं पातं बारीक. तुमच्या कामाला ३/०, म्हणजे तीन शून्यांचं, घ्या. या पात्याला सेंटिमीटरला सुमारे २३ दात असतात, म्हणजे १.३ मिलिमीटरच्या शिंपल्यात एका वेळी तीन दात गुंततात. तीनपेक्षा कमी गुंतले की दात शिंपल्यात अडकतो आणि एक तर पातं तुटतं किंवा शिंपला. पाती डझनांनी घ्या, निदान चार डझन. ती तुटणारच आहेत आणि ती तुटल्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही.

पातं लावताना दात खाली, मुठीकडे. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. उकुलेलेवर (चार तारांच्या छोट्या गिटारवर) बसवायला एक छोटा मासा कापायचा होता, त्या एका दुपारी तेरा पाती तुटली. शेवटी गल्लीतल्या सोनारकाकांकडे गेले. त्यांनी करवत हातात घेतली, पातं काढून उलटं लावलं आणि म्हणाले, "ही ओढायची असते, ढकलायची नसते." मग कमान टेबलाच्या कडेला टेकवून छातीनं किंचित दाबली, पात्याचं दुसरं टोक आवळलं आणि दाब सोडला. पातं ताणलं गेलं. त्यांनी नखानं ते छेडलं आणि बारीक, उंच "टिंग" असा आवाज आला. "भद्द वाजलं तर कापू नको," एवढंच बोलले. तुम्ही गिटारच्या घरातले आहात, तुमच्या कानाला हे माझ्यापेक्षा लवकर कळेल.

दुसरी वस्तू विकत मिळत नाही, ती करावी लागते. १२ मिलिमीटरच्या प्लायवूडचा हातभर लांब तुकडा घ्या. त्याच्या एका टोकाला इंग्रजी व्ही आकाराची खाच पाडा, खाचेच्या टोकाशी एक लहान भोक. ही फळी टेबलाच्या बाहेर चारेक इंच येईल अशी क्लॅम्पनं घट्ट बसवा. खुर्ची इतकी खाली घ्या की फळी तुमच्या छातीपाशी येईल. शिंपला खाचेवर डाव्या हाताच्या दोन बोटांनी दाबून धरायचा आणि करवत सरळ उभी, वर-खाली. पात्याला मेणाच्या तुकड्यावर अधूनमधून फिरवायचं. कोपरा आला की करवत जागच्या जागी वर-खाली चालू ठेवायची आणि शिंपला हळूहळू वळवायचा. करवत वळवायची नाही. सगळी मोडतोड इथेच होते, कोपऱ्यावर हात थांबवल्यामुळे.

नक्षी कागदावर काढून फेविकॉलनं शिंपल्यावर चिकटवा आणि रेषेच्या केसभर बाहेरून कापा. उरलेलं काम सुई-कानशींचं. त्यांचा एक बरा संच घ्या. चपटी, गोल, अर्धगोल आणि तिकोनी एवढ्या चार चांगल्या असल्या की झालं.

देवनागरीत नाव घालणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अख्खं नाव शिरोरेखेसकट एका तुकड्यात कापायचा मोह होतो. करू नका. शिरोरेखेला लटकलेली अक्षरं कापताना तिथेच कडकन मोडतात. प्रत्येक अक्षर सुटं कापा, शिरोरेखा वेगळी पट्टी म्हणून कापा आणि बसवताना जोडा. वेलांटीची कमान दीड मिलिमीटरपेक्षा बारीक ठेवू नका. छापील अक्षरांपेक्षा बोरूनं लिहिल्यासारखं थोडं जाड वळण या कामाला जास्त शोभतं आणि टिकतंही.

लाकडाच्या बाजूला लागतं फार थोडं. एक डॉक्टरी स्काल्पेल, ११ नंबरच्या टोकदार पात्यांसह. कापलेलं अक्षर फेविकॉलच्या एका थेंबावर शिसवीवर तात्पुरतं चिकटवा, वाळू द्या, मग स्काल्पेलनं कडेकडेनं आखा. पहिला फेरा अगदी हलका, दुसरा थोडा दाबून. अक्षर अलगद उचलून घ्या आणि त्या चिरेत पांढरा खडू चोळा. गडद लाकडावर पांढरी रेघ लख्ख उठते. ही रेघ मला पेन्सिलीपेक्षा कितीतरी विश्वासाची वाटते, कारण ती शिंपल्यानंच आखलेली असते.

कोरायला दोन पटाश्या, ३ आणि ६ मिलिमीटरची. आणि एक दीड-दोन मिलिमीटरची, जी जुन्या सुई-कानशीचं टोक घासून स्वतः करता येते. घासताना दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवा. पोलादावर निळसर झाक आली की तिथला कडकपणा गेला, ती धार टिकणार नाही. पटाशी नवी असली तरी दुकानातून आलेली धार वापरू नका. सहाणेवर लावा, पाठ आरशासारखी होईपर्यंत. धार लावायला शिकण्यात एक अख्खा रविवार गेला तरी तो वाया गेला असं समजू नका.

खड्ड्याचा तळ सपाट करायला एक साधी युक्ती. सागवानाचा मुठीत मावेल एवढा ठोकळा घ्या, त्यातून एक बारीक ॲलन की (षटकोनी, एका टोकाला वाकलेली किल्ली) आरपार घाला, तिच्या वाकलेल्या टोकाला पटाशीसारखी धार लावा आणि बाजूनं स्क्रू आवळून ती पक्की करा. ठोकळा लाकडावर टेकवून सरकवला की टोक ठरलेल्या खोलीवरच तासतं. शिंपला १.३ मिलिमीटरचा असेल तर खड्डा १.२ चा ठेवा. हे मोजायला व्हर्नियर कॅलिपर हवा. आणि आपल्या वयाला डोक्यावर बांधायचं भिंग हवं. ते टाळू नका. दिसत नाही तिथे हात जास्त दाबतो.

रोटरी मशीन वाईट नाही. खाली बैठक लावून, सुमारे दीड मिलिमीटरच्या बिटनं, ते खड्डा सुरेख करतं आणि पुढे तुम्ही हे काम वाढवलं तर जरूर घ्या. पण दोन-तीन अक्षरांसाठी त्याची गरज नाही. शिवाय नवख्या हातात ते एका क्षणात रेषेबाहेर जातं. हातपटाशी चुकते तीसुद्धा सावकाश.

भाऊ सांगतो ते मला नुसतं उडवून लावायचं नाही. सीएनसीवर शिंपला आणि खड्डा दोन्ही नेमक्या मापाचे निघतात आणि चार महिन्यांचं काम एका दिवसात होतं. घरात लहान मूल आहे, वेळ नाही, हात थरथरतो, अशा कुणालाही मी तोच रस्ता सांगेन, किंवा शिंपल्याची अक्षरं कापून आणून फक्त बसवण्याचं काम हातानं करायला सांगेन. मशीनला एकच अडचण, फिरत्या बिटमुळे आतले कोपरे गोल राहतात, ते शेवटी पटाशीनंच काढावे लागतात. तुमच्या पत्रात मात्र "स्वतःच्या हातानं" हे शब्द तीन वेळा आलेत. भावाला सांगा, झाकण कापायला आणि फळी बसवायला मदतीला ये. वडील दोघांचे आहेत.

धुळीबद्दल मी कडक आहे. शिंपल्याची धूळ फुप्फुसांना त्रास देते, शिसवीच्या धुळीची कित्येकांना ॲलर्जी होते. एन-९५ मास्क लावल्याशिवाय करवत हातात घ्यायची नाही. रेषा दिसावी म्हणून तोंडानं फुंकर मारायची सवय लागते, ती मोडा. माशांच्या टाकीचा छोटा हवेचा पंप घ्या आणि त्याची नळी खाचेपाशी बांधा. तो धूळ सतत बाजूला सारत राहतो. काम झालं की खोली झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा.

शिंपला पक्क्या बिलावर, कापून-घासून सपाट केलेल्या तुकड्यांच्या रूपात घ्या. किनाऱ्यावरून किंवा जुन्या सामानातून मिळालेलं काहीही वापरू नका. शंख-शिंपल्यांच्या काही जाती वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहेत. गोव्याच्या जुन्या घरांच्या खिडक्यांतले पातळ, अर्धपारदर्शक शिंपले बघून अनेकांना मोह होतो. ती जातही त्या यादीत आलेली आहे, आणि इतक्या पापुद्र्याच्या शिंपल्यात इनले होतही नाही. हस्तिदंत किंवा सांबरशिंग कुणी "जुनंच आहे हो" म्हणून देऊ केलं तरी नको म्हणा.

चिकटवायला सावकाश वाळणारा इपॉक्सी घ्या, त्यात त्याच शिसवीची बारीक पूड कालवा. फटी त्यानं भरून निघतात. भुकटी मिसळल्यावर रंग लाकडापेक्षा थोडा गडद येतो, म्हणून आधी टाकाऊ तुकड्यावर करून बघा. पाच मिनिटांत वाळणारा प्रकार नको, अक्षरं सरळ रेषेत लावायला तेवढा वेळ पुरत नाही. एक अख्खा दिवस वाळू द्या आणि मगच घासा.

हे सगळं घेऊनही तुमच्या १२,०००पैकी निम्म्याहून जास्त पैसे उरावेत. त्यातले थोडे शिंपल्याचे जादा तुकडे घेण्यावर घालवा, कारण पहिली दोन अक्षरं फेकून द्यावी लागतील. थोडे मिरजेच्या बसभाड्यावर. सतारमेकर गल्ली तुमच्यापासून तासा-दीड तासावर आहे. तिथल्या घराण्यांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात ते सतार-तंबोऱ्याकडे वळले आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तंबोऱ्याच्या गळ्यावरची नक्षी बसवताना कारागीर हत्यार कसं धरतो, कोपर कुठे टेकवतो, हे तासभर शांतपणे बघायला मिळालं तर माझ्या या लांबलचक पत्रापेक्षा जास्त कळेल. विचारून जा, जाताना कामाची वेळ सांभाळा आणि फोटो काढण्याआधी परवानगी घ्या.

चार महिन्यांपैकी पहिले दोन नुसत्या करवतीला द्या. रोज अर्धा तास. सरळ रेघ, मग गोल, मग एकच अक्षर दहा वेळा. तिसऱ्या महिन्यात टाकाऊ शिसवीवर खड्डे. खऱ्या झाकणाला हात चौथ्या महिन्यात.

आणि नक्षीचा कागद शिंपल्यावर चिकटवण्याआधी एवढं जरूर करा. शिंपल्याची चमक एका बाजूनं बघितली तर उजळते, दुसरीकडून बघितली तर करडी पडते. वडील गिटार कुठे बसून वाजवतात, ते तुम्हाला माहीतच असेल. ते घरी नसताना त्याच जागी, त्याच उजेडाच्या वेळी, गिटार मांडीवर घेऊन बसा. डोक्यावरच्या झाकणाच्या जागी शिंपल्याचा तुकडा ठेवा आणि त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवरून बघत तो हळूहळू फिरवा. ज्या दिशेला उजळेल तिथे पेन्सिलीनं बाण काढा आणि पहिलं अक्षर त्या बाणाच्या बरोबर उभं चिकटवा.